बैठकीतला सोल आणि मोठ्यांची परीकथा

मायामी शहरातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत हार्लेम स्क्वेअर क्लब नावाची एक जागा होती. तेथे १२ जानेवारी १९६३ रोजी सॅम कुक या गायकाचा कार्यक्रम झाला. आरसीए कंपनीने तो ध्वनिमुद्रित केला, ऐकला आणि बाजूला ठेवून दिला. डिसेंबर १९६४ मध्ये कुकचा मृत्यू झाला. ती तबकडी बाजारात आली ती मात्र १९८५ मध्ये, म्हणजे कार्यक्रमानंतर तब्बल २२ वर्षांनी. सोल संगीतातील उत्तम जिवंत ध्वनिमुद्रणांची यादी करू पाहणारा कोणीही जाणकार आज या तबकडीला वगळू शकत नाही.

दुसरी हकीकत याहून बरीच जुनी आहे. ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील मनोऱ्यात कोंडलेली रॅपन्झेल आपल्याला सांभाळणाऱ्या परीला अगदी भाबडेपणाने विचारते, की माझे कपडे अलीकडे मला घट्ट का होऊ लागले आहेत? राजपुत्र रोज येऊन जात होता आणि त्याचे फळ आता दिसू लागले आहे, हे त्या एका प्रश्नावरून परीला कळते आणि वाचकालाही. पुढील आवृत्त्यांतून हा प्रश्न नाहीसा झाला. त्याच्या जागी, तुला वर ओढून घेणे राजपुत्रापेक्षा जड का जाते, असा निरुपद्रवी प्रश्न आला.

गाणे आणि गोष्ट यांच्या या दोन हकीकतींत एक साम्य आहे. सोल संगीत आणि परीकथा या दोन्हींची घडण लहान खोलीत झाली. समोर मोजकी, ओळखीची, मोठ्या वयाची माणसे होती आणि त्यांच्यापासून काही लपवण्याचे कारण नव्हते. पुढे दोन्हींना मोठी बाजारपेठ मिळाली आणि तिकडे पाठवताना दोन्हींना धुऊन-पुसून, भांग पाडून पाठवण्यात आले. छोट्या जागेतले सोलगायन ऐकण्यात आणि आधुनिक लेखिकांनी लिहिलेल्या परीकथा वाचण्यात जो आनंद आहे, तो या धुलाईत वाहून गेलेले काहीतरी परत हाती लागल्याचा आहे. या दोन प्रांतांत नव्याने पाऊल ठेवू इच्छिणाऱ्या वाचकांसाठी ही थोडी माहिती.

प्रार्थनेतून क्लबात

सोल हा प्रकार १९५० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आला. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायनाची आर्त शैली आणि रिदम अँड ब्लूजचा नाचरा ठेका यांच्या संयोगातून तो जन्मला. रे चार्ल्सने १९५४ मध्ये एका गॉस्पेल गीताच्या धर्तीवर 'आय गॉट अ वुमन' हे गाणे बांधले. देवाला उद्देशून घातलेली साद प्रेयसीकडे वळवली म्हणून अनेक भाविकांनी तेव्हा कानावर हात ठेवले. आपल्याकडे भजनाच्या चालीवर कोणी लावणी बांधली, तर जी खळबळ उडेल तशीच ती होती.

चर्चकडून सोलने केवळ चाली घेतल्या नाहीत. त्याने घेतलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे साद-प्रतिसाद. मुख्य गायक एक ओळ टाकतो, जमाव ती उचलतो, परत देतो आणि गायक त्या परत आलेल्या ओळीवर पुढची मजल चढतो. वारकरी कीर्तनात टाळकरी धृपद उचलून धरतात, तेव्हा कीर्तनकाराला जो आधार मिळतो तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या शास्त्रीय संगीताच्या बैठकीतही समेवर येणारी दाद ही गाण्याचाच भाग असते. फरक इतकाच, की बैठकीतला श्रोता मान डोलावतो आणि सोलचा श्रोता गातो, ओरडतो, उठून उभा राहतो.

ध्वनिमुद्रणगृहात हा श्रोता नसतो. शिवाय ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर गाणे तीन मिनिटांच्या आत-बाहेर संपवावे लागे. त्यात भर पडली ती गोऱ्या ग्राहकांच्या आवडीची. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डी याने १९५९ मध्ये स्थापन केलेल्या मोटाउन कंपनीने आपल्या गायक-गायिकांना कसे चालावे, कसे बसावे, कसे बोलावे हे शिकवण्यासाठी मॅक्सीन पॉवेल या बाईंची नेमणूक केली होती. पदन्यास बसवायला चॉली अ‍ॅटकिन्स होता. याची टिंगल करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्या देशात कृष्णवर्णीय माणसाला पुढच्या दाराने हॉटेलात शिरता येत नव्हते, तेथे ही शिकवण म्हणजे एक चिलखत होते. मोटाउनची गाणीही सुंदर आहेत. तरी त्या नीटनेटकेपणात काहीतरी मागे राहून गेले, हेही खरेच.

ते काय राहिले, हे सॅम कुकच्या दोन तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या तर लख्ख कळते.

एकच गायक, दोन खोल्या

कुक १९३१ मध्ये मिसिसिपी राज्यात जन्मला आणि शिकागोत वाढला. सोल स्टरर्स या प्रसिद्ध गॉस्पेल मंडळाचा तो प्रमुख गायक होता. १९५७ मध्ये 'यू सेंड मी' या प्रेमगीताने तो देशभर पोहोचला. त्याचा आवाज रेशमासारखा होता आणि आरसीएने त्याची प्रतिमाही तशीच जपली: उत्तम सूट, मंद हास्य, मागे व्हायोलिनांचा ताफा. न्यू यॉर्कच्या कोपाकबाना या उच्चभ्रू गोऱ्यांच्या क्लबात १९५८ साली त्याचा कार्यक्रम पडला होता. जुलै १९६४ मध्ये तो तेथे पुन्हा गायला आणि या वेळी जिंकला. त्या कार्यक्रमाची तबकडी त्याच वर्षी निघाली. त्यात जुनी नाट्यगीते आहेत, लोकगीते आहेत, टेबलांवरच्या मंडळींना जेवता जेवता ऐकता येईल असे सगळे आहे. आवाज निर्दोष आहे. मात्र श्रोते सभ्यपणे टाळ्या वाजवतात आणि त्यापलीकडे काही घडत नाही.

आता त्याआधी दीड वर्ष मायामीत काय झाले होते ते ऐकावे. हार्लेम स्क्वेअर क्लब ओव्हरटाउन या वस्तीत होता. मायामी बीचच्या बड्या हॉटेलांत कृष्णवर्णीय कलावंतांना गाता येई, पण मुक्काम करता येत नसे. कार्यक्रम संपवून ते ओव्हरटाउनला येत आणि तेथे आपल्या माणसांसमोर पुन्हा गात. अशा जागी कुकचा आवाज रेशमी राहत नाही. तो खरखरतो, फाटतो, मध्येच हसतो. किंग कर्टिसचा सॅक्सोफोन त्याच्या ओळीला उलट उत्तर देतो. 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' हे गाणे सुरू करण्याआधी कुक बराच वेळ निम्मे बोलत, निम्मे गात प्रेयसीला फोन लावण्याची हकीकत सांगतो आणि तिच्यातच आपल्या १९५७ च्या गाण्याचा एक तुकडा गुंफतो. प्रस्तावनेतच सभागृह त्याच्या हाती आलेले असते. गाण्यातील हुंकाराची जागा आली की सगळा क्लब तो हुंकार देतो. कुक एकटा गात आहे असे पुढे वाटतच नाही.

कंपनीला हे कच्चे वाटले. तिने जपलेल्या प्रतिमेशी ते जुळत नव्हते. बाजारपेठेचा अंदाज मात्र चुकूही शकतो, याचा पुरावा त्याच सुमारास मिळाला होता. न्यू यॉर्कच्या हार्लेममधील अपोलो नाट्यगृहात २४ ऑक्टोबर १९६२ रोजी जेम्स ब्राउनचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला. किंग रेकॉर्ड्सच्या मालकाला, लोकांनी आधीच विकत घेतलेली गाणी पुन्हा कोण घेणार, अशी शंका होती. म्हणून ब्राउनने स्वतःचे पैसे घातले. १९६३ मध्ये निघालेली ती तबकडी बिलबोर्डच्या यादीत ६६ आठवडे टिकली. अपोलोत सुमारे दीड हजार आसने आहेत, तेव्हा ही काही छोटी खोली म्हणता येणार नाही. पण 'लॉस्ट समवन' हे दहा मिनिटांहून अधिक चालणारे गाणे ऐकताना ब्राउन एकेका श्रोत्याच्या खुर्चीपाशी येऊन गात असल्याचा भास होतो. जवळीक ही जागेच्या मापावर थोडी आणि समोरच्या माणसाशी असलेल्या ओळखीवर जास्त अवलंबून असते.

श्रोते गातात तेव्हा

माझ्या मते छोट्या जागेतील सोलची सर्वांत परिपूर्ण तबकडी कुकची नव्हे, डॉनी हॅथवेची आहे. १९७२ मध्ये निघालेल्या तिच्या 'लाइव्ह' या साध्या नावात सगळे आले. पहिली बाजू ऑगस्ट १९७१ मध्ये लॉस एंजलिसच्या ट्रूबडोर क्लबात आणि दुसरी ऑक्टोबरमध्ये न्यू यॉर्कच्या बिटर एंड या क्लबात ध्वनिमुद्रित झाली. दोन्ही जागा काहीशे माणसांच्या. हॅथवेला सेंट लुइसमध्ये आजीने वाढवले. ती स्वतः गॉस्पेल गायिका होती. पुढे त्याने हॉवर्ड विद्यापीठात संगीताचे शिक्षण घेतले. म्हणजे चर्च आणि शास्त्र दोन्ही त्याच्या बोटांत होते.

कॅरोल किंगचे 'यू हॅव गॉट अ फ्रेंड' हे गाणे १९७१ च्या उन्हाळ्यात जेम्स टेलरच्या आवाजात घरोघरी पोहोचले होते. ट्रूबडोरमध्ये हॅथवे विजेच्या पियानोवर त्याचे पहिले स्वर छेडतो आणि श्रोत्यांत एकदम आनंदाची लहर उठते. धृपदाशी आल्यावर तो गाणे जवळजवळ सोडून देतो आणि सगळे सभागृह ते गाऊ लागते. हे हौशी कोरस नव्हे. त्यातील बऱ्याच जणांनी रविवारच्या प्रार्थनेत सुरात गाण्याची सवय लहानपणीच लावून घेतलेली असावी, इतका तो प्रतिसाद भरदार आणि सुरेल आहे. अडचणीच्या वेळी मला हाक मार, असे सांगणारे ते गाणे. एरवी एक गायक ते अनोळखी लाखोंना उद्देशून गातो. येथे अंधारात बसलेली माणसे ते एकमेकांना आणि मंचावरच्या त्या माणसाला गाऊन दाखवत आहेत. हॅथवे पुढे तीव्र मनोविकाराने ग्रासला आणि जानेवारी १९७९ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, न्यू यॉर्कमधील एका हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावरून पडून मृत्यू पावला. हे ठाऊक असणाऱ्याला ती काही मिनिटे निर्विकारपणे ऐकता येणे कठीण आहे.

याच तबकडीच्या शेवटी 'व्हॉइसेस इनसाइड' ही तेरा मिनिटांची रचना आहे. तीत हॅथवे एकेका वादकाला वाट करून देतो. विली वीक्सचा बेस गिटारवरील दीर्घ तुकडा संगीताचे विद्यार्थी आजही सूर-सूर उतरवून घेतात. येथे एक सूचना कराविशी वाटते. या तुकड्याच्या वेळी वादनाइतकेच लक्ष श्रोत्यांच्या आवाजाकडे द्यावे. कोठे ते शांत होतात, कोठे एखादाच माणूस न राहवून ओरडतो, त्या ओरडण्याने वादक कसा चेकाळतो, हे सारे ध्वनिमुद्रणात उतरले आहे.

अरीथा फ्रँकलिनने तर क्लबातून उलट चर्चचा रस्ता धरला. १३ आणि १४ जानेवारी १९७२ या दोन रात्री लॉस एंजलिसमधील न्यू टेम्पल मिशनरी बाप्टिस्ट चर्चमध्ये ती गायली. ही इमारत पूर्वी चित्रपटगृह होती. साथीला पाद्री जेम्स क्लीव्हलंड आणि त्यांचे गायकवृंद होते. त्यातून निघालेला 'अमेझिंग ग्रेस' हा अल्बम प्रचंड खपला. याच कार्यक्रमाचे चित्रीकरण सिडनी पोलॅक या दिग्दर्शकाने केले होते, पण प्रत्येक दृश्याच्या आरंभी पाटी वाजवण्याचा साधा नियम पाळला गेला नाही आणि चित्र व ध्वनी यांचा मेळ घालणे अशक्य झाले. पुढे संगणकाच्या साह्याने ते जमले. खुद्द अरीथाने प्रदर्शनाला न्यायालयात हरकत घेतल्याने चित्रपट आणखी अडला आणि अखेर तिच्या निधनानंतर, २०१८ च्या नोव्हेंबरात लोकांसमोर आला. तिचे वडील पाद्री सी. एल. फ्रँकलिन पियानोशी गात असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरचा घाम रुमालाने टिपतात, हे त्यातील दृश्य. मुख्य गीताच्या वेळी क्लीव्हलंड पियानो सोडून चेहरा झाकून रडू लागतात, हे दुसरे. अरीथा स्वतः जवळजवळ काहीच बोलत नाही.

अलीकडच्या काळात या छोट्या खोलीला पुन्हा बरे दिवस आले आहेत. अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक नभोवाणीच्या वॉशिंग्टन येथील कचेरीत बॉब बॉयलन यांच्या टेबलामागे कलावंतांना उभे करून 'टायनी डेस्क' ही मैफलींची मालिका २००८ मध्ये सुरू झाली. एका गोंगाटी मद्यालयात गायिकेचा आवाज ऐकू येईना, म्हणून तिला कचेरीतच येऊन गायचे निमंत्रण द्यावे, या थट्टेतून ती कल्पना निघाली. मागे पुस्तकांची फळी, समोर काम थांबवून आलेले कर्मचारी, मोठे ध्वनिक्षेपक नाहीत. आवाजाला यंत्राची कल्हई करण्याबद्दल प्रसिद्ध असलेला टी-पेन २०१४ मध्ये तेथे यंत्राविना गायला आणि त्याचा मूळ आवाज किती गोड आहे, हे लोकांना तेव्हा समजले. अँडरसन पाक याची २०१६ मधील मैफलही आवर्जून पाहावी अशी आहे. इंटरनेटवर या मैफली विनामूल्य पाहता येतात.

परीकथा मुलांची कधी झाली?

आता गोष्टींकडे वळू. परीकथा म्हणजे मुलांचा खाऊ, ही समजूत फार तर दोनशे वर्षांची. 'परीकथा' या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग १६९७ मध्ये मादाम दोल्न्वा यांनी आपल्या संग्रहाच्या शीर्षकात रूढ केला. त्या वेळी पॅरिसमधील सुशिक्षित स्त्रिया आपल्या दिवाणखान्यांत जमून अशा कथा परस्परांना ऐकवीत. मनाविरुद्धची लग्ने, नवऱ्यांची सत्ता, राजदरबारातील लाचारी हे विषय उघड बोलता येत नसत. ते राक्षसाच्या आणि मांजरीच्या रूपाने बोलले जात. त्याच वर्षी शार्ल पेरोचा प्रसिद्ध संग्रह आला आणि प्रत्येक कथेच्या शेवटी त्याने पद्यात तात्पर्य जोडले. लाल टोपीवाल्या मुलीला त्याच्या कथेत लांडगा खातो आणि कथा संपते. सुटका नाही.

खेड्यापाड्यांत तोंडी सांगितली जाणारी हीच कथा वेगळी होती. फ्रान्समधील निएव्हर भागात १८८५ च्या सुमारास तिचे एक रूप टिपून घेतले गेले. लोककथांचे अभ्यासक पॉल दलारू यांच्यामुळे ते पुढे सर्वांना माहीत झाले. त्यात लांडगा मुलीला विचारतो, तू सुयांच्या वाटेने जाणार की टाचण्यांच्या? शिवणकाम शिकत वयात येणाऱ्या मुलींच्या जगातला हा प्रश्न. घरी पोहोचल्यावर लांडगा तिला नकळत आजीचेच मांस खाऊ घालतो. मग एकेक वस्त्र काढून विस्तवात टाकायला सांगतो. मुलगी सावध होते, बाहेर जायची नड लागल्याचे निमित्त करते, पायाला बांधलेली दोरी अंगणातल्या झाडाला बांधते आणि पळून जाते. तिला कोणी शिकारी लागत नाही. शिकारी आणला तो ग्रिम बंधूंनी.

ग्रिम बंधूंविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ते रानोमाळ हिंडून म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून कथा गोळा करीत, हे चित्र बरेचसे काल्पनिक आहे. कथा सांगणाऱ्यांत कासेल शहरातील वाइल्ड आणि हासेनफ्लुग या घराण्यांतील तरुण, शिकलेल्या मुली मोठ्या संख्येने होत्या. त्यांतील डोर्टशेन वाइल्डशी विल्हेल्म ग्रिमने १८२५ मध्ये विवाहच केला. म्हणजे येथेही दिवाणखाना, मोजकी माणसे आणि बायकांचे आवाज. १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत विल्हेल्मचे संस्कार चालू होते. हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई १८१२ मध्ये तिची सख्खी आई होती, १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या आईचे तेच झाले, १८४० मध्ये. रक्त आणि शिक्षा मात्र बरीचशी तशीच राहू दिली. दुष्काळात आई मुलांना रानात सोडते, हे वास्तव सहन होण्यासारखे नव्हते, निखाऱ्यांवर तापवलेल्या लोखंडी जोड्यांतले नृत्य मात्र चालण्यासारखे होते! संपादकाची कात्री कोठे चालते, यावरून त्या काळाची भीती कळते.

आपल्याकडील श्रावणातल्या कहाण्या या दृष्टीने पुन्हा वाचाव्यात. हातात अक्षता धरून घरच्या बायकांनी ऐकायच्या या कथा. शुक्रवारच्या कहाणीत गरीब बहिणीला भाऊ पंगतीतून उठवतो. पुढे तिला श्रीमंती आल्यावर तोच भाऊ आग्रहाने जेवायला बोलावतो, तेव्हा ती पानावर बसून अंगावरचे दागिने काढून ठेवते आणि एकेक घास त्यांनाच वाढते. व्रताचे निमित्त बाजूला ठेवले तर उरतो तो नात्यांतील पैशाविषयीचा एक निष्ठुर हिशेब. मुलांसाठी ही कथा कधीच नव्हती.

अँजेला कार्टर आणि नंतर

परीकथेला पुन्हा मोठ्यांच्या खोलीत आणण्याचे श्रेय सर्वाधिक कोणाचे असेल, तर ते अँजेला कार्टर या इंग्लिश लेखिकेचे. तिचा जन्म १९४० चा, मृत्यू १९९२ चा. तिने आधी पेरोच्या कथांचा इंग्रजी अनुवाद केला. तो १९७७ मध्ये निघाला. त्या कामात तिला जुन्या कथांच्या पोटात दडलेले दिसले आणि १९७९ मध्ये 'द ब्लडी चेंबर' हा दहा कथांचा संग्रह आला. जुन्या कथांच्या नुसत्या नव्या आवृत्त्या लिहिण्याचा आपला हेतू नव्हता, मुळातच त्यांच्यात असलेला सुप्त आशय बाहेर काढायचा होता, अशी तिची भूमिका होती. शीर्षककथेत आधीच्या बायकांचे खून करून त्यांना बंद खोलीत ठेवणारा उमराव आहे. पेरोच्या कथेत नायिकेचे भाऊ धावून येतात. कार्टरकडे घोड्यावर बसून, नवऱ्याचे जुने पिस्तूल घेऊन येते ती नायिकेची आई.

'द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज' ही त्यातील कथा वाचण्याआधी वर सांगितलेली तोंडी कथा वाचकांनी मनात ठेवावी. पेरोने गाळलेले वस्त्रे विस्तवात टाकण्याचे दृश्य कार्टर परत आणते. मात्र तिची मुलगी पळत नाही. लांडगा आपल्याला खाईल या कल्पनेला ती हसते, त्याचेही कपडे आगीत टाकते आणि शेवटी आजीच्या बिछान्यात त्या आता मवाळ झालेल्या जनावराच्या पंजांत गाढ झोपलेली दिसते. हा शेवट अनेकांना पटत नाही, स्त्रीवादी समीक्षकांतही त्यावर वाद झाले. मला तो कथेहून गाण्यासारखा वाटतो: तोच परिचित मुखडा, पण गायिका अनपेक्षित सुरावर जाऊन थांबते.

आणि ही तुलना अगदीच ओढूनताणून केलेली नाही. कार्टर कानाने लिहिणारी लेखिका होती. 'द लेडी ऑफ द हाउस ऑफ लव्ह' ही तिची कथा आधी १९७६ मध्ये 'व्हँपिरेला' या नभोनाट्याच्या रूपात आली. लांडग्यांच्या कथेचे नभोनाट्य तिने स्वतः १९८० मध्ये केले. त्यावरून नील जॉर्डनने १९८४ मध्ये चित्रपट काढला. तिची भाषा दागिन्यांनी लगडलेली आहे, काहींना ती जड वाटेल. मोठ्याने वाचली की मोकळी होते.

नंतरच्या पिढीत अमेरिकेची केली लिंक आहे. 'ट्रॅव्हल्स विथ द स्नो क्वीन' या कथेत ती वाचकालाच 'तू' म्हणून संबोधते आणि निघून गेलेल्या प्रियकराच्या शोधात त्याला अनवाणी चालवते. तिचा 'व्हाइट कॅट, ब्लॅक डॉग' हा सात कथांचा संग्रह २०२३ चा. त्यात मादाम दोल्न्वा यांची पांढरी मांजर पुन्हा भेटते, या वेळी गांजाची शेती करणारी. म्हातारपणाची धास्ती घेतलेला अब्जाधीश बाप मुलांना दूर पिटाळण्यासाठी मोहिमा देतो, हा भाग वाचून हसू येते आणि मग येईनासे होते.

कार्मेन मारिया माचाडोची 'द हजबंड स्टिच' ही कथा २०१४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. २०१७ च्या तिच्या संग्रहात ती पहिलीच आहे. गळ्यात हिरवी फीत बांधलेल्या स्त्रीची मूळ कथा इंग्रजी वाचकांना बालपणापासून ठाऊक असते. नवरा चांगला आहे, पण ती फीत सोडून पाहण्याचा त्याचा हट्ट संपत नाही. माचाडो मधूनमधून कंसात सूचना देते, की ही कथा मोठ्याने वाचत असाल तर येथे असे असे करा. एका ठिकाणी श्रोत्यांच्या हाती सुरी देऊन बोटांमधली नाजूक त्वचा कापायला सांगावे आणि मग त्यांचे आभार मानावेत, अशी सूचना आहे. गोष्ट सांगणारी आणि ऐकणारे यांच्यातील जुना करार तिने छापील पानावर परत आणला आहे, आणि तो किती धोकादायक होता हेही दाखवून दिले आहे.

मराठी वाचक या वाटेवर अगदीच नवखा नाही. जी. ए. कुलकर्णी यांची 'काजळमाया'तील 'विदूषक' किंवा 'रमलखुणा'तील 'इस्किलार' वाचणाऱ्याला अनाम राज्ये, नाव नसलेले प्रवासी आणि दैवाचे कोडे हा मुलूख ओळखीचा आहे. जीएंची वाट दृष्टान्ताकडे झुकते आणि कार्टरची देहाकडे, एवढा भेद लक्षात ठेवला की पुरे.

आस्वादासाठी

प्रत्यक्ष आस्वाद घेताना क्रम महत्त्वाचा. सोल ऐकताना आधी गाण्याचे ध्वनिमुद्रणगृहातील रूप ऐकावे, मगच क्लबातले. कुकचे 'ब्रिंग इट ऑन होम टू मी' याला उत्तम. हॅथवेची तबकडी एका बैठकीत, मधली गाणी न गाळता ऐकावी, कारण श्रोते कसकसे तापत जातात हेच तिचे कथानक आहे. संगणकाला जोडलेल्या चिमुकल्या ध्वनिक्षेपकांवर बेस गिटार ऐकूच येत नाही, त्यापेक्षा साधे हेडफोन बरे. परीकथांचेही तसेच. कार्टर उघडण्याआधी पेरो वाचावा. ग्रिम बंधूंच्या १८१२ व १८१५ च्या मूळ खंडांचा जॅक झाइप्स यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१४ पासून उपलब्ध आहे, रॅपन्झेलचा तो प्रश्न त्यात जागच्या जागी आहे. एका वेळी एकच कथा वाचावी. शक्य असेल तर घरात कोणाला तरी वाचून दाखवावी, मुले झोपल्यानंतर.